रानाचे राखणदार

२०२२ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या आरंभी बेळगाव शहरात एक बिबट्या शिरला. जाधवनगर भागात त्याने एका कामगारावर झडप घातली आणि पुढे तो गोल्फच्या मैदानातील दाट झाडीत दिसेनासा झाला. त्या परिसरातील २२ शाळा बंद ठेवाव्या लागल्या. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहीजण तेव्हा प्राथमिक शाळेत असतील. पावसाळ्यात अवचित मिळालेली ती सुट्टी तुम्ही विसरला नसाल. पिंजरे लावले गेले, झाडांना कॅमेरे बांधले गेले, शिवमोग्याजवळच्या सक्रेबैल छावणीतून दोन शिकवलेले हत्ती आणले गेले. महिना सरत आला तरी बिबट्या हाती लागला नाही. मग गावात विनोद सुरू झाले. चहाच्या दुकानात, बसमध्ये, आमच्या शिक्षकांच्या खोलीतसुद्धा त्या बिबट्यावरून हशा पिकत असे. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे.

परंतु त्या दिवसांत भर पावसात, गुडघाभर गवतातून, हातात काठी घेऊन ओळीने चालणारी खाकी कपड्यांतील माणसे आम्ही रस्त्यावरून पाहिली होती. पुढच्या झुडपात बिबट्या आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. तो पुढच्याच झुडपात असेल असे धरूनच त्यांना प्रत्येक पाऊल टाकावे लागत होते. ही माणसे एरवी कोठे असतात आणि काय करतात, हा प्रश्न आमच्या मनात तेव्हा आला.

तोच प्रश्न आम्ही वर्गात विचारला. "वनरक्षक काय करतो?" एक मुलगा म्हणाला, "वाघ पकडतो." दुसरीने सांगितले, "लाकडे चोरणाऱ्यांना धरतो." तिसरा मुलगा खानापूरच्या पश्चिमेकडील रानालगतच्या गावातून येणारा. तो जरा तुटकपणे म्हणाला, "काही करत नाही. नुसता फिरतो." वर्ग हसला. आम्हांस मात्र तिन्हींत हेच उत्तर सत्याच्या अधिक जवळचे वाटले. त्यात थोडा राग मिसळलेला होता इतकेच.

आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. निपाणी, चिकोडी, संकेश्वर हा पट्टा तंबाखूचा आणि उसाचा. तेथे रान असे फारसे उरलेले नाही. निपाणीकरांना रान पाहायचे तर पश्चिमेस राधानगरीकडे जावे लागते. १९५८ साली दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य म्हणून जे प्रसिद्धीस आले, ते हेच. बेळगावहून दक्षिणेस मात्र खानापूर ओलांडले की सह्याद्रीची दाट झाडी सुरू होते. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेस बंगालच्या उपसागराची वाट धरते. म्हादई त्याच डोंगरांतून निघते आणि पश्चिमेस गोव्यात उतरते. या दोन नद्यांच्या माहेरघरात सुमारे १९० चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य आहे. ते २०११ साली घोषित झाले. त्याच्या दक्षिणेकडे दांडेली आणि अंशी यांची मिळून झालेली काळी व्याघ्र प्रकल्पाची राने, पश्चिमेला गोव्याचे म्हादई अभयारण्य. अंशी हे राष्ट्रीय उद्यान आहे, तर भीमगड हे अभयारण्य. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यासही मनाई असते. अभयारण्यात माणसांचे काही हक्क चालू राहू शकतात. भीमगडच्या पोटात गवळी, कोंगळा, पास्टोली, कृष्णापूर, आमगाव अशी मराठी बोलणारी लहान लहान गावे पिढ्यान् पिढ्या वसलेली आहेत. २०२५ साली तळेवाडीच्या काही कुटुंबांनी भरपाई स्वीकारून बाहेर पडण्याचे मान्य केले. इतर पुष्कळजण अद्याप तेथेच आहेत. म्हणजे येथील वनरक्षकाला केवळ जनावरांत राहावयाचे नसते, माणसांतही राहावयाचे असते. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे समजेल.

वनखात्याची रचना थोडक्यात सांगतो. रानाचे विभाग, विभागाचे परिक्षेत्र, परिक्षेत्राची परिमंडळे आणि सर्वांत लहान तुकडा म्हणजे नियतक्षेत्र, ज्याला बोलण्यात सगळे 'बीट' म्हणतात. हे बीट ज्याच्या हवाली असते तो वनरक्षक. लोक त्याला 'गार्ड' म्हणतात. त्याच्या पहाऱ्याला मराठीत गस्त म्हणतात आणि कानडीत गस्तु. फारसीतून आलेला हा शब्द दोन्ही भाषांत एकाच रूपाने सुखाने नांदतो. शब्दांना भांडणे ठाऊक नसतात. आमच्या मातृभाषेत, कोकणीत, 'राखणदार' म्हणतात तो गावाची सीमा राखणाऱ्या देवाला. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठमोठ्या वहाणा अर्पण करतात. देव रात्री गावाभोवती फिरतो आणि त्या वहाणा झिजतात अशी तेथील श्रद्धा आहे. लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेली ही गोष्ट आम्हांस गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अकस्मात आठवली, ती एका वनरक्षकाचे बूट पाहून. टाचा एका बाजूने पार गेलेल्या होत्या.

हा वनरक्षक आमचा जुना विद्यार्थी. शाळेत असताना भूगोलाच्या तासाला तो खिडकीबाहेर पाहत असे आणि त्याबद्दल त्याने आमची बोलणीही खाल्ली होती. आता त्याच्या बीटातील प्रत्येक ओहोळ, प्रत्येक खिंड त्याला तोंडपाठ आहे. वरिष्ठांची परवानगी मिळवून आम्ही तीन दिवस त्याच्या पाठोपाठ हिंडलो, किंवा हिंडण्याचा प्रयत्न केला.

सकाळी सहाला निघायचे. बरोबर काठी, कोयता, पाण्याची बाटली, भाकरी, वही आणि फोन. फोनवरील यंत्रणा चाललेली वाट आपोआप नोंदवते, त्यामुळे घरी बसून गस्त लिहिण्याची सोय आता राहिलेली नाही. साहेब बेळगावात बसून आज कोणत्या ओढ्यापर्यंत गेला होता ते पाहू शकतात. आम्हांस वाटले होते की हा मान वर करून झाडे, पक्षी पाहत चालेल. तो मात्र खाली पाहत चालत होता. ओल्या मातीत गव्याचा खूर, झाडाच्या बुंध्यावर अस्वलाने ओढलेली नखे, वाटेच्या कडेला बिबट्याची विष्ठा, काल नसलेली बिडीची थोटके. सर्वांत अधिक वेळ तो शेतांच्या कुंपणालगत घालवी. तेथे तो वाकून, काठीने गवत बाजूला सारीत, एखादी हरवलेली अंगठी शोधावी तसा पुढे सरके. दुसऱ्या दिवशी त्याला तेथे एक फास सापडला. दुचाकीच्या क्लचची साधी तार, एक टोक खुंटाला बांधलेले, दुसऱ्याचे सरकते वेटोळे करून जनावराच्या वाटेवर टांगलेले. रानडुकरासाठी म्हणून कोणी तो लावला असेल. पण तारेला डुक्कर आणि बिबट्या यांतला फरक कळत नाही. जनावर जितके ओढते तितकी तार आत रुतते. त्याने जागेचा फोटो घेतला, तार सोडविली, वहीत लिहिले आणि पुढे चालू लागला. आम्ही मात्र काही वेळ तेथेच थांबलो.

दर चार वर्षांनी होणारी देशव्यापी व्याघ्रगणनाही याच चालण्यावर उभी आहे. पूर्वी वाघाच्या पंजाचा ठसा काचेवर गिरवून किंवा प्लास्टरमध्ये उतरवून वाघ मोजीत. ती पद्धत सोडावी लागली. राजस्थानातील सारिस्का येथे २००५ साली असे उघडकीस आले की कागदोपत्री वाघ आहेत आणि रानात एकही उरलेला नाही. चोरट्या शिकाऱ्यांनी ते संपविले होते. आकडे खाली कोणीतरी लिहिले, वर कोणीतरी तपासले, त्याहून वर कोणीतरी छापले, आणि या सगळ्यांत वाघ नाहीसे झाल्याचे लेखी कोठेच आले नाही. तेव्हापासून वनरक्षक ठरलेल्या वाटांवरून पायी चालून खुणा नोंदवितो आणि झाडांना बांधलेले कॅमेरे वाघाचे पट्टे टिपतात. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. २०२२ च्या गणनेत देशभरच्या वनकर्मचाऱ्यांनी मिळून ६,४१,४४९ किलोमीटर पायपीट केली. गणिताच्या तासाला हा आकडा वापरून पाहा: चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. चंद्रापर्यंत जाऊन परतीची जवळजवळ दोन-तृतीयांश वाट चालून यावे, इतके हे अंतर होते. त्या गणनेचा अंदाज ३,६८२ वाघांचा निघाला.

ज्यांना या नोकरीची इच्छा असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. महाराष्ट्रात वनरक्षकाच्या निवडीत पुरुषांना चार तासांत २५ आणि स्त्रियांना चार तासांत १६ किलोमीटर चालून दाखवावे लागते. २५ किलोमीटर म्हणजे जवळजवळ बेळगाव ते खानापूर. कर्नाटकात नोकरी करावयाची तर अहवाल कानडीतून लिहावे लागतात. आमचा हा विद्यार्थी मराठी माध्यमाचा. रात्री कंदिलाशी बसून त्याने कानडी लेखन पक्के केले. आता तो कानडीत लिहितो, गावात मराठीत बोलतो आणि घाटाखालच्या गोव्याच्या गार्डाशी फोनवर मोडकीतोडकी कोकणी झाडतो. ती ऐकून आम्हांस हसू आवरेना, तरी काम भागते हे खरे. भागावेच लागते, कारण जनावरांना तीन राज्यांची हद्द मान्य नाही. २००२ साली कर्नाटकातले हत्ती घाट उतरून सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात गेले, त्याआधी तेथील लोकांनी रानटी हत्ती पाहिलाच नव्हता. चंदगड, आजऱ्याकडेही हत्तींचा वावर सुरू झाला. आता हत्ती हलला की अलीकडचा गार्ड पलीकडच्याला आधी कळवितो, कागद मागाहून जातो.

पावसाळ्यात भीमगडचे रान निराळेच होते. ओढे भरतात, गावे तुटतात, जळवा मोज्यांतून आत शिरतात. यावर उपाय म्हणून मोज्यांवर मीठ आणि तंबाखूची पूड चोळतात. निपाणीच्या तंबाखूचा याहून चांगला उपयोग आमच्या पाहण्यात नाही. पावसात चोरी कमी होते असे समजू नका. गस्त अवघड म्हणूनच चोराला ती वेळ सोयीची. उन्हाळ्यात भीती वणव्याची. फेब्रुवारी लागण्याच्या सुमारास रानात ठिकठिकाणी पट्टे साफ करून पाचोळा आधीच जाळून टाकतात; त्यांना जाळरेषा म्हणतात. आग तेथवर येऊन अडावी हा हेतू. पण नव्या गवतासाठी माळ पेटवणारा, मधाच्या पोळ्याला धूर देणारा किंवा विडीचे थोटूक न विझवता टाकणारा एकजण पुरेसा असतो. २०२३ च्या मार्चमध्ये गोव्याच्या म्हादई अभयारण्यात वणवे पेटले तेव्हा नौदलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन आली. बहुतेक वणव्यांना हेलिकॉप्टर येत नाही. हिरव्या फांद्या तोडून, त्यांनी झोडपून झोडपूनच आग मारावी लागते. २०१७ च्या फेब्रुवारीत बंदीपूरच्या रानात अशीच आग विझविताना मुरिगेप्पा तम्मनगोळ हा वनरक्षक ज्वाळांत सापडून मृत्यू पावला.

आणखी एक नाव आमच्या मुलींनी विशेष लक्षात ठेवावे. स्वाती ढुमणे ही ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील वनरक्षक. २० नोव्हेंबर २०२१ रोजी सकाळी ती तीन वनमजुरांना बरोबर घेऊन कोळारा भागात गणनेपूर्वीच्या खुणा नोंदविण्यास पायी निघाली. वाटेत दूरवर एक वाघीण बसलेली दिसली. चौघेही थांबले. अर्ध्या तासाच्या सुमारास वाट पाहिली. वाघीण उठेना, म्हणून झाडीतून वळसा घालून जाऊ लागले. वाघीण मागून आली आणि तिने स्वातीला ओढून नेले. आम्ही वर सांगितलेल्या पायपिटीच्या लाखो किलोमीटरांच्या आरंभीची ही काही पावले आहेत. शस्त्र कोणाजवळही नव्हते. ११ सप्टेंबर हा दिवस आपल्या देशात वनहुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १७३० साली राजस्थानातील खेजडली गावी झाडे वाचविताना ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले, त्यांची ती आठवण.

रानात सगळेच काही वाघासारखे भव्य नसते. भीमगडात बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तेथे राहणारी एक वटवाघळाची जात १९१३ साली शास्त्रज्ञांनी प्रथम नोंदविली आणि तिला मुंबई इलाख्याच्या वनखात्यात नोकरी केलेल्या रॉटन या अधिकाऱ्याचे नाव दिले. सुमारे नव्वद वर्षे जगात ही जात दुसरीकडे कोठे सापडलीच नाही; मग मेघालयात आणि कंबोडियात ती आढळली. अशा गुहेचा पहारा करणे हेही वनरक्षकाचेच काम, आणि तेथे शत्रू म्हणजे मशाल घेऊन आत जाणारा हौशी पाहुणा.

तिसऱ्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर आम्ही त्याला विचारले, "तुला वाघाची भीती नाही वाटत?"

तो म्हणाला, "वाघ वर्षातून एकदा दिसतो, सर. शेजारी रोज दिसतात."

मग त्याने जे सांगितले, ते आम्ही जमेल तसे लिहितो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका तारेत अस्वलाची मादी सापडून मेली. तार कोणाच्या शेताच्या कडेला होती, ते उघड होते. शेतकरी त्याच्याच गावचा, दूरच्या नात्यातला. लहानपणी त्याने याला खांद्यावरून जत्रेला नेलेले. अस्वल हे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या जनावरांपैकी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रात्री घरी येऊन लोक सांगून गेले की अस्वल ओढ्यात मेले असे लिही, कोण पाहायला येतो? आईनेही एकदा तेच म्हणून पाहिले. त्याने तार लिहिली, शेताची जागा लिहिली, नाव लिहिले. माणसाला अटक झाली, पुढे जामीन मिळाला; खटला चालू आहे. तेव्हापासून गणपतीत त्या घरी आरतीला जाणे थांबले. आईला पाणवठ्यावर बोलणी बसली.

येथे त्या शेतकऱ्याची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. ज्याचे भात गव्यांचा कळप एका रात्रीत तुडवितो, ज्याला ऐन थंडीत शेतातल्या माळ्यावर डबा बडवीत जागावे लागते आणि ज्याच्या हातात भरपाई पडेपर्यंत पुढचे पीक वर येते, त्याला रान हे वैभव वाटावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? शहरांतील लोक मलप्रभेचे पाणी पितात. ते पाणी ज्या झाडीतून येते, तिची किंमत तो भाताच्या रूपाने मोजतो. वर्गातल्या त्या मुलाच्या उत्तरात जो राग होता, त्याचे मूळ येथे आहे. तार लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे, हेही तितकेच खरे. अस्वलाने त्याचे काही खाल्ले नव्हते. पीक खाल्ले गव्यांनी, लावला फास डुकरासाठी, आणि मेली ती अस्वलीण. हा हिशेब कोणाच्याच बाजूने जुळत नाही, आणि तो वहीत उतरवण्याचे काम गावातल्याच एका तरुणावर येते.

"मग अजून आरतीला बोलावीत नाहीत?" आम्ही विचारले.

"नाही." तो वहीत त्या दिवसाची नोंद करीत होता, मान वर न करताच बोलला. "पण गेल्या महिन्यात त्यांच्या भातात गवे शिरले. पंचनाम्याला मलाच जावे लागले. काकींनी चहा आणून ठेवला, बोलल्या नाहीत."

"आणि काका?"

"काका बांधावर उभे होते. म्हणाले, पंधरा गुंठे लिही."

"तू काय लिहिलेस?"

"टेप धरून मोजले, सर. टेपचे दुसरे टोक काकांनीच धरले. साडेनऊ गुंठे भरले. साडेनऊच लिहिले."